कावळा कोणाच्या शब्दावर आला

पिंपळगाव रेणुकाई
२० मार्च २०२५

म्हस्कूराव यांस गोरक्षनाथचा नमस्कार.

फोन असताना दाजींनी पत्र कशाला पाठवले, असे तुम्हाला वाटेल. दहावे-तेरावे आटोपून तुम्ही राजूरला परतल्यापासून मी बऱ्याच वेळा फोन केला. मेंढ्या कशा आहेत, ऊन किती आहे, दुकानात नारळ किती खपले, इथपर्यंत तुमचा आवाज स्वच्छ येतो. मी 'बांध' म्हणालो की तुमची रेंज जाते. तुम्ही दोनदा 'हॅलो' म्हणता आणि फोन बंद होतो. पत्राला रेंज लागत नाही, म्हणून पत्र.

तुमच्या अक्काच्या दहाव्याला नाल्यावर काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. तरी लिहून ठेवतो. पिंड ठेवला, कावळे बाभळीवर बसून राहिले. ऊन चढले. माझ्या बायकोच्या मनात काय राहिले असेल ते जो तो आपापल्या परीने बोलून पाहू लागला. कावळा येईना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला, तेव्हा तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "अक्का, तुझा बांध माझ्या पट्टीतून जाऊ देतो. ये आता." आणि कावळा उतरला.

त्या बांधाविषयी लिहायचे आहे. तुमच्या वडिलांनी वाटणी करताना माळ उभा चिरला. माथ्यापासून खालपर्यंत एक पट्टी तुमच्या अक्काला, शेजारची तुम्हाला. वरचा मुरूम आणि खालची काळी दोघांच्या वाट्याला सारखी यावी, हा हेतू. माणसांचा न्याय बरोबर झाला, पण उतारावरचे पाणी आडवे अडवावे लागते. तिने आपल्या पट्टीत आडवा बांध घातला, तो आपल्या दोघांच्या हद्दीवर, तुमच्या धुऱ्यापाशी संपतो. पाणी बांधाला टेकून टोकापर्यंत जाते, तिथे वळते आणि तुमच्या पट्टीत उतरते. तुमच्याकडची घळ त्यानेच पडली आहे. बांध तुमच्या पट्टीतून पलीकडच्या खडकापर्यंत गेला तर दोन्हीकडची माती राहील. हे ती तुम्हाला कैक वर्षे सांगत होती.

मृगाच्या आधी काम झाले नाही तर या वर्षीचीही माती जाईल. वरच्या अंगाला आता मुरूम उघडा पडू लागला आहे. अजून दोन-तीन पावसाळे असेच गेले तर तिथे पेरायला काही उरणार नाही. कधी येता ते कळवा.

प्रेमलावहिनींचा चटणीचा डबा धुऊन पाठवत आहे.

गोरक्षनाथ


राजूर
२८ मार्च

दाजीला म्हस्कूचा रामराम.

पत्र पोचलं. (दाजी, मी प्रेमला लिहिते. ह्यांचा चष्मा मेंढरानं तुडवला. मी बोलतो तसंच लिही, असा हुकूम आहे. कंसात जे आहे ते माझं. चष्म्याशिवाय ह्यांना कंस दिसत नाहीत.)

तुम्ही म्हणता कावळा माझ्या शब्दावर आला. कशावरून? त्या टायमाला मी एकटाच बोलून राह्यल्तो का? आपल्या खालच्या रानाचे सोहनलालशेठ माझ्या डाव्या अंगाला उभे व्हते. ते म्हणले, भाभी, बांधाला मशीन मी पाठवतो. ही मागून म्हणली, अक्का, दाजीला उपाशी राहू देणार न्हाई. तिघंबी एकदमच बोललो. त्यातलं कावळ्यानं कोणाचं घेतलं? माझ्या मतानं हिचं घेतलं. अन् ही चटणी धाडून ते फेडून राह्यली. मिटलं.

अन् खरं सांगू का, कावळा कशावर आला ते मला बराबर ठाऊक हाय. पर ते मी सांगायचा न्हाई. इचारू नका. (मी विचारलं. मलापण सांगत नाहीत.)

अक्काचा मान हाय, तिच्यावर रुसवा न्हाई. पर आपल्या गावात रानात उंचवटा दिसला, की लोक त्याच्या दोन्ही अंगाला येगळा येगळा मालक शोधून राह्यतेत. आज तुम्ही हाव, मी हाव. उद्या माझी नातवंडं अन् तुमचा जावई. त्यातला एक म्हणल धुरा हितंच व्हता, अन् मंग तालुक्याला खेटे. कोर्टात पाणी कुठं वळतं ते कोणी इचारत न्हाई.

अजून एक. बांध वाकडा हाय. अक्काचं सारं काम सरळ, हे एवढंच साप गेल्यावानी. माझी पट्टी बैलानं नांगरायची, का सापानं?

म्हस्कू

(डब्यात या खेपेला जवसाची चटणी आहे. भाकरी जमते का? नाही जमली तर लिहा.)


पिंपळगाव रेणुकाई
६ एप्रिल

म्हस्कूराव यांस नमस्कार.

मशीन आले आहे. सोहनलालजींचे म्हणणे, कावळा त्यांच्याच शब्दावर आला. त्यांना त्यात काही शंका दिसत नाही. चालकाचे नाव धर्मराज. चांगला आहे, खाणेही चांगले आहे. तुमची परवानगी नसल्याने मशीन धुऱ्याच्या अलीकडे उभे आहे आणि धर्मराज त्याच्या सावलीत झोपतो.

बांध वाकडा का, हे तुम्ही विचारलेत. पूर्वी मलाही माहीत नव्हते. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी तुमच्या अक्काने आणली होती. नळीत पाणी भरायचे. एक टोक एका काठीला धरायचे, दुसरे दुसऱ्या काठीला. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आले की त्या दोन जागा एका पातळीत आहेत असे समजायचे. तिथे खुणेसाठी पांढऱ्या फक्कीची चिमूट टाकून पुढे जायचे. माळ फुगला असेल तिथे रेघ बाहेर जाते, बसला असेल तिथे आत. पाणी रेघेवर कुठेच पळत नाही, सगळीकडे सारखे थांबते. सरळ रेघ मारली तर ते सखल जागी गोळा होऊन बांध फोडते.

माझे काम दुसरे टोक धरायचे. ती म्हणायची 'वर', मी वर. 'खाली', मी खाली. 'झालं का?' 'बराबर.' नोकरीत तीस वर्षे बसस्थानकाच्या माइकवर गाड्या पुकारल्या, त्यामुळे घरी बोलायला माझ्याकडे फारसे उरत नसे. हे काम मला जमत होते.

नळीला दोन माणसे लागतात. पहिल्या दिवशी मी एक टोक बाभळीला बांधले. बाभूळ उभी उत्तम राहते, पण पुढे सरकत नाही. दुसऱ्या दिवशी धर्मराजला धरायला दिले. त्याचा फोन वाजला. त्याने नळीसकट हात कानाला लावला आणि बोलत बोलत वीस पावले माळ चढून गेला. त्या हिशेबाने बांध आपल्या घराच्या पत्र्यावरून जायला हवा. तो म्हणाला, "काका, सरळ रेघ मारा, उद्या दिवस मावळायच्या आत मोकळा होतो." मी नको म्हणालो.

धुऱ्याची तुम्हाला भीती वाटते ती चुकीची नाही. त्यावर एक करता येईल. धुऱ्याचे दोन्ही दगड उकरून बांधापेक्षा उंच बसवू आणि चुना लावू. म्हणजे बांध कुठला आणि धुरा कुठला, हे आंधळ्यालाही कळेल.

वहिनींना सांगा, भाकरी जमते. गोल होत नाही.

गोरक्षनाथ


राजूर
१७ एप्रिल

दाजीला रामराम.

मशीन माघारी धाडा. शेठच्या डिझेलवर माझी पट्टी उकरायची न्हाई. घळ माझी हाय, मी बुजवतो. खाली दगड, वर बोराट्या, त्यावर माती. काम खतम. (बोराट्या म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, ते तुम्हाला माहीत आहे. पण धर्मराजला सांगून ठेवा, नाहीतर झोपेल त्यावर.)

आखाजीचा सण झाला की मेंढरं घेऊन येतो. आठ रोज पट्टीत बसवतो. लोक ज्वारी देऊन दुसऱ्याची मेंढरं रानात बसवून घेतेत, माझी तर घरचीच हायेत. रात्रभर बसली की सकाळी रान काळं. लेंडीखत पडलं की माती आपसूक धरून राह्यती. मेंढराला नळी लागत न्हाई अन् फक्कीबी लागत न्हाई.

दगड उंच करा म्हणता ते बराबर हाय. पर इचार करून सांगतो. जल्दी काय हाय.

म्हस्कू

(जल्दी काय आहे, हे ह्यांनी मलापण सांगावं. काल विचारलं, बांधाचं काय ठरलं? तर म्हणाले, रेंज नाही. मी समोर बसले होते.

दाजी, एक सांगते. दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारी ह्यांनी अक्कांचा फोटो ठेवलाय. गिऱ्हाईक आलं की पुढं नारळ सरकवून झाकतात. गिऱ्हाईक गेलं की नारळ बाजूला करतात.)


पिंपळगाव रेणुकाई
१४ मे

म्हस्कूराव यांस नमस्कार.

तुम्ही आठवडाभर इथे होता. रोज सकाळी ओट्यावर चहाला आलात. ऊन, लोकर, मिरचीचा भाव, असे आपले बोलणे झाले. बांधाचे नाव तुम्ही काढले नाही, मीही काढले नाही. नळी खुंटीवर होती आणि तुम्ही रोज बरोबर तिच्याखालीच बसत होता. घळ तुम्ही मेहनतीने बुजवली, हे मी पाहिले.

तुम्ही गेलात आणि परवा दुपारी अवकाळी पाऊस झाला. तासभरच पडला, पण मोठा होता.

पाणी तुमच्या अक्काच्या बांधाला टेकले, टोकापर्यंत गेले आणि नेहमीप्रमाणे वळले. आधी तुमच्या बोराट्या गेल्या. त्यांच्यामागे माती, मग दगड. मग लेंड्या निघाल्या. लेंडी पाण्यावर तरंगते, हे मला या वयात कळले. आठ रात्रींचे खत एका रांगेत घळीतून खाली उतरले. आपल्या खाली सोहनलालजींचे रान आहे, ते सपाट असल्याने पाणी तिथे थांबते. खत तिथे एकसारखे पसरले आहे. हाताने पसरले असते तर इतके चांगले झाले नसते.

मशीन मी आधीच परत पाठवले होते. ते आता सोहनलालजींच्याच रानात काम करते. पाऊस आला म्हणून धर्मराज माझ्या ओट्यावर येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "काका, ही गाडी मधी कुठं थांबती का?" मी म्हणालो, विनाथांबा आहे.

तुम्हाला वाईट वाटावे म्हणून हे लिहिले नाही. पण फोनवर सांगितले असते तर रेंज गेली असती.

वरच्या अंगाला मुरूम आणखी उघडा झाला आहे, तुमच्याकडे आणि माझ्याकडेही. मृगाला आता फार दिवस नाहीत.

गोरक्षनाथ


नवीन जालना
१६ मे

श्री. म्हस्कूभाऊ यांना सोहनलालचा राम राम.

काल पिंपळगावच्या शेतावर गेलो होतो. पाहून मन प्रसन्न झाले. आपल्या रानातून थोडी थोडी माती माझ्याकडे दर साली येतच होती, ती मी चुपचाप ठेवून घेत होतो. या साली खतासकट आली. आमच्या घरच्या जमनाबाई म्हणाल्या, फुकटचे घेऊन गप्प बसू नये, घरात बरकत राहत नाही. म्हणून मिठाईचा एक डबा या माणसाबरोबर पाठवत आहे. गोड मानून घ्यावा. आपल्या मेंढ्यांची मोठी मेहरबानी झाली.

एक अडचण लिहितो. गोपिकाभाभींच्या दहाव्याला कावळा माझ्या बोलण्यावर आला, असे मी पेढीवर सगळ्यांना सांगून बसलो आहे. मशीन पाठवली, ती काम न करता परत आली. आता लोक विचारतात, शेठ, बांध झाला का? बियाणे विकणारा माणूस आहे मी. बोललो ते उगवले पाहिजे.

आपला बांध झाला तर माझ्याकडे माती यायची बंद होईल, खतही बंद होईल. एवढा हिशेब मला येतो. तरी विनंती करतो की बांध होऊ द्यावा. भाभींनी मला दर दिवाळीला मक्याची कणसे पाठवली आणि कधी मातीचा विषय काढला नाही.

आपला,
सोहनलाल


राजूर
१९ मे

दाजी,

नळी काढून ठेवा. बुधवारी येऊन राह्यलो.

कावळ्यासाठी येतो असं समजू नका. शेठसाठी तर बिलकुल न्हाई. माझ्या मेंढरानं आठ रात्री उघड्यावर बसून जे केलं ते त्यांच्या कपाशीला, अन् वरून मला मेहरबान म्हणतेत. त्यांच्या मिठाईला मी हात लावला न्हाई. (दोन बर्फ्या खाल्ल्या. तिसरी मी डबा उचलला म्हणून राहिली.)

मशीन बोलवा. बांध वाकडा तर वाकडा. दगड तुम्ही म्हणता तसे उंच करा, चुन्याचा खर्चा माझा. पर माझी एक गोष्ट ऐका. मशीननं टाकलेली माती पोकळ असती, पहिल्या पाण्यात बसती अन् फुटती. तिच्यावर मेंढरं चालवायची. मेंढराचं खूर बारीक, वजन कमी, पर शेकड्यानं पाय पडले की माती दगडावानी दाबून निघती. गावतळ्याची पाळ आमच्या बापानं अशीच दाबली व्हती. हे तुमच्या नळीत न्हाई.

म्हस्कू

(दाजी, हे सकाळपासून तयारी करून बसलेत, आणि बुधवार परवा आहे.

एक विचारायचं होतं. दहाव्याला आम्ही तिघं बोललो, ते सगळ्यांनी ऐकलं. पण त्या वेळेस तुमचेपण ओठ हलले होते. मी पाहिलं. तुम्ही काय म्हणालात? सांगायचं नसेल तर राहू द्या.)


पिंपळगाव रेणुकाई
२२ जून

प्रेमलावहिनी यांस नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावाने आहे. म्हस्कूरावांनी काम कसे झाले ते सांगितले असेलच, पण त्यांनी सांगितले त्यातले निम्मे इथे घडलेले नाही, असा माझा अंदाज आहे. म्हणून लिहितो.

बुधवारी आम्ही नळी घेऊन उभे राहिलो. मी आखणाऱ्या टोकाला, ते दुसऱ्या टोकाला. मी म्हणालो, "वर." ते म्हणाले, "वर म्हणजे डोंगराकडं का आभाळाकडं?" मी म्हणालो, "नळी वर." त्यांनी नळी वर केली आणि स्वतःही दोन पावले डोंगराकडे गेले, कुठलेतरी एक बरोबर असेल म्हणून. धर्मराज मशीनवर बसून हसत होता. त्याला म्हणाले, "हसतो काय रे? तू तर फोनवर बोलत बोलत दाजीच्या पत्र्यावर चढला व्हतास." मग धर्मराज हसायचा थांबला आणि काम सुरू झाले.

जुन्या बांधापासून रेघ धरत आम्ही धुऱ्याच्या दगडापाशी आलो. तिथून पुढे त्यांची पट्टी. ते थांबले. नळी त्यांच्या हातात होती आणि पाणी वरखाली होत होते, थांबेना. थोड्या वेळाने ते खुणेवर आले. मी विचारले, "झालं का?" ते म्हणाले, "बराबर."

त्यानंतर फक्की टाकायला मला थोडा उशीर झाला. ऊन फार होते.

बांध दोन दिवसांत पलीकडच्या खडकाला टेकला. टोकाला दगडांचा सांडवा केला आहे, जास्तीचे पाणी तिथून माती न नेता जाईल. मग मेंढ्या आणल्या. म्हस्कूरावांनी मला आधी बरेच व्याख्यान दिले. मेंढ्या बांधावर चढल्या, पहिल्या वळणापर्यंत गेल्या आणि पुढचा मेंढा वळलाच नाही. तो सरळ खाली उतरला, त्याच्यामागे सगळा कळप. मी म्हणालो, "त्यांनाही सरळच पसंत दिसते." ते म्हणाले, "दाजी, तुम्ही कमी बोलता तेच बरं व्हतं." मग ते स्वतः पुढे झाले आणि बांधाच्या वळणावळणाने दिवसभर चालले. मेंढ्या त्यांच्यामागून. दुसऱ्या दिवशीही तेच. आता बांधावर कुदळ मारली तर खणकन आवाज येतो.

मागच्या आठवड्यात मोठा पाऊस झाला. मी छत्री घेऊन गेलो. पाणी बांधाला टेकले आणि दोन्ही पट्ट्यांत एका पातळीत उभे राहिले. वळायला टोक नव्हते. सकाळपर्यंत जिरले. सांडव्यातून थोडे गेले ते निवळ होते. घळीत काही उतरले नाही. सोहनलालजींचा फोन आला, "या वेळेस काहीच आले नाही हो." आवाज जरा उतरलेला होता, पण अभिनंदन म्हणाले.

दोन्ही पट्ट्यांत मका आणि तूर पेरली आहे. बांधाच्या वरच्या अंगाला पवना गवताची ठोंबे लावली आहेत. तुमची नणंद दर वर्षी लावायची.

तुम्ही विचारले होते ते आता सांगतो. आधी सांगितले असते तर बांध झाला नसता. म्हस्कूराव म्हणाले असते, बघा, माझ्यावर बंधन नाही.

त्या दिवशी तुम्ही सगळे काही ना काही कबूल करत होता. मला काय कबूल करावे ते सुचत नव्हते. घरी स्वयंपाक होऊन किती वेळ झाला होता. म्हातारी माणसे उपाशी बसली होती. तुम्हाला माहीत आहे, दारी आलेला माणूस जेवायचा थांबला तर तिला चैन पडत नसे. मी एवढेच म्हणालो, "गोपिका, पंगत खोळंबली." आणि कावळा आला.

तेव्हा कावळा बांधावर आला नाही, मशीनवर नाही आणि चटणीवरही नाही, असे माझे मत आहे. हे म्हस्कूरावांना वाचून दाखवू नका. बांध झाल्यापासून ते राजूरला सगळ्यांना सांगतात, कावळा माझ्याच शब्दावर आला. सांगू द्या.

भाकरी आता बरीच गोल होते.

गोरक्षनाथ


राजूर
३० जून

दाजीला रामराम.

नवा चष्मा आणला. तुमचं पत्र हिच्या नावानं आलं, पर दुकानात मी बसल्तो. मीच फोडलं, मीच वाचलं. आता ही लिहून राह्यली अन् मी चष्मा लावून शेजारी बसलो हाव. कंस बंद.

दाजी, दहाव्याला शेठ माझ्या डाव्या अंगाला व्हते. उजव्या अंगाला कोण व्हतं? तुम्हीच व्हता. खांद्याला खांदा लागून राह्यल्ता. तुम्ही जे म्हणलात ते मला तवाच ऐकू आल्तं. तुम्ही म्हणलात अन् कावळ्यानं पंख उघडले. म्हणून तर म्हणत व्हतो, मला ठाऊक हाय, पर सांगायचा न्हाई. तुम्ही जन्मात एकदा अक्काला चार माणसांत नावानं हाक मारली. ते मी कोणाला कशाला सांगू?

मंग तुम्ही म्हणाल, बंधन नव्हतं तर बांध का होऊ दिला? शेणामेणाचा माणूस न्हाई मी. शब्द कावळ्याला दिल्ता का? अक्काला दिल्ता. कावळा कशावरबी येऊ द्या. निस्तं धुऱ्याचं भ्या वाटत व्हतं, म्हणून टाळून राह्यल्तो. अन् खत गेलं तवा टाळायला जागा उरली न्हाई.

आता लोकाला मी सांगतो, कावळा माझ्या शब्दावर आला. त्याला कारण हाय. आपल्यामागं पोरं बांधाच्या कडेला नांगर लावतील, दर साली नांगराचं एक एक तास खात खात बांध संपवतील. सगळ्या गावाचे बांध असेच गेले. पर ज्या बांधावर कावळा आल्ता, त्याला नांगर लावायची कोणाची छाती व्हत न्हाई. तुम्हीबी तसंच सांगा. शेठलाबी सांगा. त्यांना म्हणा, मशीन तुमची, शब्द माझा, दोन्ही मिळून कावळा आला. मेहरबान म्हणलं त्याची फिट्टंफाट.

माथ्याकडं अजून एका बांधाची जागा हाय. अक्का दाखवत व्हती, मी तवा तिकडं बघत न्हाई म्हणून सांगितलं. पर जागा मी बघितल्ती. पुढल्या चैतात नळी काढा. तुमचं टोक तुम्ही धरा, माझं मी धरतो.

अन् आता पत्र नका पाठवू, हिला दुकानाचं काम राह्यतं. फोन करा. रेंज आली हाय.

म्हस्कू

(मेंढरांना पाणी दाखवायला गेलेत, चष्मा इथंच आहे. दाजी, फोन करत जा, ह्यांना बरं वाटेल. पण मधूनमधून पत्रही टाका. फोनवर मला कंस टाकता येत नाही. आणि अक्कांच्या फोटोपुढचा नारळ काल गिऱ्हाईक असतानाच बाजूला केला. गिऱ्हाईकानं विचारलं, या कोण? हे म्हणाले, बसा, सांगतो. ते गिऱ्हाईक अजून दुकानातच आहे.)